आबांची कॅसेट

पलीकडे मराठवाड्यात 17 सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा होतो, म्हणून आमच्या आदिलाबादच्या मराठी शाळेतही आम्ही आबांना बोलावीत असू. शाल, श्रीफळ, आणि "आबा, दोन शब्द बोला." दोन शब्द म्हणजे दोनच. तिसऱ्याला मीच घड्याळाकडे पाहू लागे.

1948 साली आबा अठरा वर्षांचे होते. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. तिथून निरोप आणि पत्रके घेऊन ते रात्री निजामाच्या हद्दीत उतरत. पकडले मात्र कधी गेले नाहीत. पुढे 1972 साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा सहा महिन्यांच्या कारावासाचा दाखला त्यांच्यापाशी कुठून असणार? अर्ज इंग्रजीत, साहेब तेलुगू, जुने दप्तर उर्दूत. आबांची हकीगत मराठीत, ती कुणी विचारलीच नाही.

1998 साली, मुक्तीच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी, मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. नोकरीला लागून तेव्हा मला चारच वर्षे झाली होती. अर्धा तास ते भाषणातलेच बोलले: स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, 13 सप्टेंबरला शिरलेली फौज, पाचव्या दिवशीची शरणागती. तेवढ्यात लाईट गेली. मी टेप बंद करू लागलो.

"सेल आहेत ना, गुरुजी? मग राहू द्या चालू."

अंधारात आबा सांगू लागले. एकदा रझाकार मागावर असताना गावातल्या एका मुसलमान पिंजाऱ्याने त्यांना कापसाच्या ढिगात लपवले होते आणि दारात आलेल्यांना परतवून लावले होते. फौज आली, निजाम शरण गेला, आणि काही दिवसांनी त्याच पिंजाऱ्याच्या दारात आपलीच माणसे गेली.

"मी ओसरीवर उभा होतो. माझ्या टोपीला त्या दिवशी किंमत होती, गुरुजी. नुसता पुढे गेलो असतो तरी थांबले असते. पायरी उतरलो नाही."

'तुमचे वय लहान होते' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात कॅसेटची एक बाजू संपली. मी ती उलटून लावली. आबा पुन्हा बोलू लागले आणि मी बोलायचे राहिलो, ते बरेच झाले.

उठताना ते म्हणाले, "माझ्या हयातीत छापू नका. पण पुसूही नका."

त्या दिवसांची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने 1948 सालीच केली होती. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला 2013 साली. आबा तोवर राहिले नव्हते.

स्मरणिकेत मी पत्रकांपुरतेच छापले. पुढच्या 17 सप्टेंबरला घड्याळ खिशात ठेवले, तर आबा दोन वाक्ये बोलून खाली बसले.

गेल्या वर्षी त्यांचा नातू घरी आला. शिक्षण सगळे तेलुगूत, मराठी आजीपुरती. कॅसेटवरचे मोबाईलमध्ये उतरवून ठेवले होते, ते त्याला लावून दिले. मध्येच थांबवून त्याने विचारले, "सर, पिंजारी म्हणजे?"

"दूदेकुला," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुन्हा सुरुवातीपासून लावले.