सोमवारची गोळी

श्रीवर्धनच्या बाजारपेठेत औषधाचं दुकान चालवणाऱ्या एका वहिनींचं माझ्यावर ऋण आहे. नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून वहिनीच म्हणते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी धडाधड आडव्या झाल्या. रोठा सुपारीची वाडी, सासऱ्यांनी लावलेली. पावसाआधी आवरायचं म्हणून सासूबाई आमच्याबरोबर झावळ्या ओढत होत्या. एका सकाळी ओंडका सरकवताना त्यांच्या पाठीत कळ आली. उसण भरली म्हणून शेक दिला, लेप लावला. पुढे एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मणका दबला होता. ना पडणं, ना आपटणं. मुंबईला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली. उणे 2.5 किंवा त्याखाली टी-स्कोअर गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात; आईंचा त्याहून बराच खाली होता.

हाड आयुष्यभर मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी गेली की तो सुटतो, आणि बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. आईंची पाळी पंचेचाळिशीतच गेली होती. तेव्हा त्यांना हाडांचं कुणी विचारलं नव्हतं, आणि आमच्या घरात तरी हा विषय कधी निघाला नव्हता.

हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, एवढंच सांगून चिठ्ठी हातात आली. थोड्याच दिवसांत आईंच्या छातीत जळजळ सुरू झाली. दुसरी पट्टी घ्यायला आम्ही दोघी गेलो, तर आई म्हणाल्या, "ही नकोच बाई आता."

वहिनी काउंटरमागून बाहेर आल्या. "काकू, घेता कशी?"

"चहाबरोबर. मग जरा पडते."

वहिनींनी त्यांना स्टुलावर बसवलं. "ही गोळी रिकाम्या पोटीसुद्धा शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. चहा, दूध, कॅल्शियम बरोबर गेलं तर तेवढंही नाही. आणि घेऊन आडवं झालं की अन्ननलिकेला भाजते. आधी डॉक्टरांना जळजळीचं सांगा. ते हो म्हणाले तरच पुढे घ्यायची." दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी त्यांनी पट्टीच्या मागे पेनाने लिहिलं: सोमवार, उठल्याबरोबर, पेलाभर साधं पाणी, अर्धा तास बसून किंवा उभं. सोमवार का, तर आईंचा उपास. पोट तसंही रिकामं.

डॉक्टरांनी होकार दिला. मग दर सोमवारी आई गोळी घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. चुलीवर चहाचं आधण असायचं, पण अर्धा तास भरल्याशिवाय कप हातात घ्यायच्या नाहीत. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. जळजळ गेली. पुढे अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास पुन्हा वाढला तेव्हा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सुरू झालं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या साडेसात हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत त्याने तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर्स 70 टक्क्यांनी आणि खुब्याची 41 टक्क्यांनी कमी केली होती. तेव्हाही वहिनींनीच विचारलं, "दात काढायचा राहिलाय का? असेल तर इंजेक्शनच्या आधी उरका, नंतर जबड्याचं हाड भरायला त्रास होऊ शकतो." दाढ खरोखरच हलत होती. ती आधी काढली, जखम भरू दिली. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी ताप आला, अंग ठणकलं, तेही त्यांनी आधी सांगून ठेवल्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही.

ही दोन्ही औषधं ज्या गटातली, त्याची पायाभरणी स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांनी 1960 च्या दशकात केली. नळांत क्षार साचू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या फॉस्फेटांवरून त्यांना वाट सापडली, हे वाचलं तेव्हा मी वहिनींना मुद्दाम जाऊन सांगितलं. फ्लाइश यांचेही उपकारच. पण प्रयोगशाळेतून निघालेलं औषध आईंच्या हाडापर्यंत पोचलं ते दुकानातल्या त्या स्टुलावरून.

आता माझीही पाळी गेली आहे. डेक्साची तारीख वहिनींनीच मागे लागून घ्यायला लावली. येत्या बुधवारी पनवेलला जायचंय. त्याच एसटीने बरोबर येते म्हणाल्यात, त्यांचीही तपासणी राहिलीच आहे.