ऑटोला पडलेली मोटार

आमच्या मोठ्या काकूंनी उभ्या आयुष्यात तंबाखू हातात धरली नाही, मिसरीसुद्धा लावली नाही. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा सायखेड्यातलं भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, ‘पण त्यांना तर कसलंच व्यसन नव्हतं!’ त्यात माया असायची, आणि हिशोबही. आजारामागं चूक सापडल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मग काकूही शोधू लागल्या: चुलीचा धूर, द्राक्षबागेतली फवारणी, मागच्या जन्मीचं काही.

उत्तर निघालं गाठीच्या तुकड्यातून. ईजीएफआर नावाच्या जनुकातला छोटासा भाग गळाला होता. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पडद्यावर बसतं. बाहेरून निरोप आला तरच पेशीला वाढायला सांगतं. गोदावरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ऑटोला टाकला, की बटण दाबायला कुणी नसलं तरी ती पाणी ओढत राहते. काकूंच्या पेशींत तेच चाललं होतं. जेफिटिनिबची रोजची गोळी त्या प्रथिनाच्या ऊर्जा घेण्याच्या खोबणीत जाऊन बसते आणि मोटार बंद पडते.

हे बदल 2004 साली उजेडात आले. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, त्यातही बायकांत, ते जास्त सापडतात. 2023 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की असे बदल झालेल्या पेशी निरोगी फुप्फुसातही निपचित असतात. हवेतल्या सूक्ष्म धुळीनं दाह झाला की त्या वाढू लागतात. म्हणजे काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. हवा मात्र आपल्या सगळ्यांची आहे, हे मला फार लागलं.

गाठ हुशार असते. पुष्कळदा त्याच जनुकात टी-790-एम हा नवा बदल करून ती गोळीला चकवते. मग ओसिमर्टिनिब द्यावं लागतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी 350 रुग्णांवर अभ्यास केला. नुसत्या जेफिटिनिबनं आजार साधारण 8 महिने आवरला, जोडीला केमो दिल्यावर 16. ते वाढलेले 8 महिने घरात किती मोठे असतात, हे आम्हाला कळतं.

आपल्याकडं छातीच्या फोटोत डाग दिसला की आधी क्षय आठवतो, आणि क्षय आहेही भरपूर. पण औषधं घेऊनही खोकला हटत नसेल, तर तुकडा तपासून घ्यावा, आणि कॅन्सर निघालाच तर जनुकांची तपासणीही. उपचार ठरण्याआधी.