तुझ्या हातची माती

फुलंब्रीच्या शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजीचे सर रजेवर गेले की तो तासही आमच्याच गळ्यात. (आम्ही म्हणजे एकटेच. घरी दखनीत ‘हम’ बोलायची सवय, ती मराठीतही सुटत नाही.) अशाच एका तासाला धड्यात ‘फॉल इन लव्ह’ आलं. एका पोरानं विचारलं, “सर, प्रेम करायला पडावंच लागतं का?” वर्ग हसला. मराठीतही प्रेमात पडतातच की, असं सांगून आम्ही वेळ मारून नेली.

पण पोराचं चुकलं नव्हतं. आपल्या अम्मी, नानी, खाला प्रेमात कधी पडल्या नाहीत. त्यांचा जीव लागायचा, जीव तुटायचा. लेकराला ताप आला की त्या “मैं सदखे गई” म्हणत स्वतःला त्याच्यावरून ओवाळून टाकायच्या.

इंग्रजीतलं लाडाचं बोलणं बहुतेक गोड असतं. हनी म्हणजे मध, पुढे साखर, आणि शेवटी एक हृदय. आपल्याकडे मूल ‘काळजाचा तुकडा’ असतं. आता काळीज म्हणजे नक्की काय, हे खाटकाच्या दुकानात उभं राहिल्यावर कळतं. अरबीतही लेकराला ‘फिल्ज़तु कबिदी’ म्हणतात, माझ्या यकृताचा तुकडा! आणि ‘फिदा’? आजकाल नटावरही पोरं फिदा होतात. मूळ अरबीत फिदा म्हणजे कैद्याला सोडवण्यासाठी दिलेली किंमत. तुझ्या बदल्यात मला घ्या, एवढं वजन त्या शब्दात आहे.

हे आम्ही किताबांतून शिकलो. बोलीतली अरबी आमच्या घरात आणली ती भाईजाननं. तो जेद्दाहला नोकरीला होता. काम सांगितलं की तिकडचे लोक ‘मिन उयूनी’ म्हणतात, माझ्या डोळ्यांतून; आपलं ‘सर आँखों पर’ तसंच. त्याच्या शेजारी शामकडची एक बाई राहायची. ती भाईजानच्या वर्षाच्या मुलाचे गाल ओढून म्हणायची, “तुअबुर्नी!” भाभीला वाटलं, काहीतरी लाडाचं असेल. अर्थ कळला तेव्हा ती हादरलीच. शामच्या शहरी बोलीत ‘क़ाफ’ गिळतात, म्हणून त्या शब्दात लपलेली कबर कानाला कळत नाही. तू मला पुरावंस, असा त्याचा अर्थ. म्हणजे तुझं मरण मला बघायला लागू नये, मी आधी जावं.

सुट्टीत आल्यावर भाईजाननं हे अम्मीला सांगितलं. अम्मी घाबरली नाही. म्हणाली, “इसमें नया क्या है? मैं रोज दुआ करतीऊँ, तुम लोगां के हात की मट्टी मिलो.” त्यानंतर फोनवर बोलणं संपताना ती हटकून “तुअबुर्नी” म्हणायची. उच्चार पार मोडका.

2019 मध्ये अम्मी गेली. फजरला. भाईजानला परवानगीचा कागद मिळायला किमान दोन दिवस लागणार होते. दफनाला उशीर करू नये, हे तोही जाणतो. थांबायचं नाही, हा निर्णय आम्ही घेतला आणि त्याला फोनवर सांगितलाही आम्हीच. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, “एक मुट्ठी मेरे नाम की डालो.”

असर झाल्यावर नमाज-ए-जनाजा झाली. प्रत्येकानं तीन मुठी माती टाकायची, अशी रीत आहे. आम्ही तीन टाकल्या. मग चौथी टाकली. शेजारच्या चाचांनी आमच्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

पाचव्या दिवशी भाईजान आला आणि बॅग रिक्षातच ठेवून कब्रस्तानात गेला. माती अजून ओली होती. तो उकिडवा बसला आणि ढिगाऱ्यावरची ढेकळं हातानं फोडत राहिला. मगरिबची अजान होईपर्यंत.