मागच्या दारांची हँडले

तळा, जिल्हा रायगड
श्रावण शुद्ध चतुर्थी

चि. निनाद यास नानाकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. मराठी असून तो रोमन अक्षरांत लिहिलेला, त्यामुळे मला दोनदा मोठ्याने वाचावा लागला; आणि दुसऱ्या वाचनात अर्थ ध्यानी आल्यावर चष्मा काढून बराच वेळ ओटीवर बसून राहावे लागले. तुरिनच्या कुठल्याशा गल्लीत आपल्या गाडीसारखीच एक जुनी फियाट तुला उभी दिसली, तू काचेला नाक लावून आत डोकावलास, आणि तिच्या मागच्या दोन्ही दारांना काचा वरखाली करण्याची हँडले पाहून चकित झालास. कारण आपल्या गाडीला ती कधीच नव्हती, आणि ‘कंपनीने मागे दिलीच नाहीत’ असे तुझ्या बाबांनी तुला सांगितले होते. तुझ्या बाबांना बोल लावू नकोस. त्यांना जे सांगण्यात आले तेच त्यांनी सांगितले, आणि त्यांना सांगणारा मी होतो.

ज्या नगरात तू शिकावयास गेला आहेस, तेथेच या गाडीचे माहेर. लिंगोटोचा तो कारखाना, ज्याच्या गच्चीवर गाड्या पळवून पाहण्याचा रस्ता बांधलेला आहे, तो तू पाहून आलास हे वाचून मला तुझ्या आजोबांची, म्हणजे अण्णांची, आठवण झाली. त्यांना ही गोष्ट सांगितली असती तर ‘गच्चीवर गाड्या? मग वाळवणे कुठे घालतात?’ असे त्यांनी खात्रीने विचारले असते. तिचे सासर मात्र कुर्ल्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे फियाटशी करार झाला, आणि १९६४ पासून जी ‘डिलाइट’ तेथे तयार होऊ लागली तीच काही वर्षांनी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आली. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल यंत्रालाही चुकली नाही. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो परवान्यांचा काळ. म्हणून आपल्या गिरणीच्या हंगामावर अण्णांनी मुंबईच्या एका परिचितांची वापरलेली डिलाइट घेतली आणि अक्षय्यतृतीयेला दारात आणून उभी केली. साल १९८१ की ८२, हे आता निश्चित सांगवत नाही; कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते, परंतु आमच्या माणगावच्या कचेरीतील कित्येक कागदांवर जुनेच शिक्के उमटत होते, एवढे मात्र पक्के स्मरते. तुझे बाबा तेव्हा पुण्यास शिकत होते व त्यांनी गाडी पाहिलेली नव्हती.

गाडी दोन महिन्यांची झाली असेल नसेल, तोच आषाढातल्या एका रात्री माझ्या आईच्या, म्हणजे जिला तू पाहिले नाहीस त्या तुझ्या आजीच्या, पोटात असह्य कळ उठली. गावातील वैद्यांनी अलिबागेस नेण्यास सांगितले. अण्णा चालवावयास बसले, मी मागे आईचे मस्तक मांडीवर घेऊन, आणि इंदापूर, कोलाड, नागोठणे असे करीत आम्ही निघालो. त्या पावसाचे वर्णन मी तुला करणार नाही. कोकणातल्या माणसाने आषाढातल्या पावसाचे वर्णन करू नये, ते ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. कोलाड मागे पडल्यावर आई म्हणाली, “नाना, जीव गुदमरतो रे, जरा वारा येऊ दे.” पुढच्या दारांना तिकोनी काच होती, ती अण्णांना सांगून किंचित उघडली असती तरी काम भागले असते, हे मला आज कळते. मी मागचे हँडल फिरवले. दोन वेढे झाले असतील; आत कट्‌ असा आवाज झाला आणि सबंध काच दाराच्या पोटात जाऊन पडली. मग मी हँडल उलटे फिरवले, सुलटे फिरवले, ते नुसतेच गरगर फिरत राहिले.

वडखळच्या नाक्यापर्यंत आणि तेथून अलिबागेपर्यंत मी त्या खिडकीवर घोंगडी धरून बसलो. भिजलेल्या घोंगडीचे वजन केवढे असते आणि तिला मेंढराचा केवढा वास येतो, याची कल्पना तुझ्या त्या पिसासारख्या हलक्या जाकिटातून तुला येणार नाही. तिच्या कडेने पाणी यावयाचे ते आलेच. पहाटे पोचलो तेव्हा आई नखशिखान्त ओली होती, दुपारपर्यंत तिला ताप भरला, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया दोन दिवस लांबणीवर टाकली. ते दोन दिवस मी व्हरांड्यात कसे काढले ते राहू दे. ती त्यातून उठली, पुढे अकरा वर्षे जगली, माझ्या मुलींची लग्ने तिने पाहिली. अण्णांनी मला त्या रात्रीविषयी एक अक्षरही विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर फार बरे झाले असते.

आई घरी आल्यानंतर आठेक दिवसांनी अण्णांनी इंदापूरहून मिस्त्री बोलावला आणि हुकूम दिला की मागच्या दोन्ही काचा कायमच्या वर बसवून टाकाव्या व हँडले काढून घ्यावी. आता तुला त्या कामाची रीत सांगतो, कारण तू यंत्रशास्त्राचा विद्यार्थी आहेस आणि ही विद्या तुझ्या ग्रंथांत असण्याचा संभव कमी. हँडल ज्या दातेरी दांड्यावर बसते तो दांडा आतल्या मशीनचा. दारावरचे पॅड काढल्याखेरीज मशीनला हात लागत नाही, आणि हँडल काढल्याखेरीज पॅड निघत नाही. काही गाड्यांत ते स्क्रूने धरलेले असते. काहींत आडवी पिन असते, मागची चकती पॅडकडे दाबून धरावी म्हणजे ती दिसते व बारीक सुंब्याने ठोकून काढावी लागते. आपल्या गाडीची मशीने पूर्वीच्या मालकाने केव्हाच बदललेली होती, आणि तिची हँडले घोड्याच्या नालेसारख्या एका पोलादी क्लिपेने अडकवलेली होती. ती क्लिप हँडल आणि चकती यांच्यामध्ये अशी दडून बसते की जोर लावणारा हँडल मोडतो, पॅड फाडतो, आणि ती जागची हलत नाही.

मिस्त्रीने एक चिंधी मागितली. मी गिरणीतले गोणपाट पुढे केले. त्याने मान हलवली. कापड विरलेले, पण चिवट हवे. तेव्हा आई, जिला अजून उठण्याची मनाई होती, भिंतीला धरून माजघरात गेली आणि तिने पेटीतली जुनी लुगडी काढून एकेक उजेडाकडे धरून पाहावयास आरंभ केला. किती वेळ ती ते करीत होती! अखेर वांगी रंगाचे, हिरव्या काठाचे एक इरकली लुगडे तिने निवडले, दातांनी कड तोडली, आणि वीतभर रुंदीची पट्टी टर्रकन फाडून मिस्त्रीच्या हाती दिली. त्याने ती हँडलाच्या मागे चकतीवर सरकवली, दोन्ही टोके दोन्ही हातांत धरली, आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी ती मागेपुढे ओढू लागला. तिसऱ्या की चौथ्या ओढीला कापडाचे सूत क्लिपेच्या टोकांत अडकले, क्लिप टण्‌कन उडाली आणि अंगणातल्या तुळशीत जाऊन पडली. (तू कधी हा प्रयोग करशील तर वरून दुसरा फडका धर व डोळे जप.) हँडल आपोआप त्याच्या हातात आले. आई ओटीवरून पाहत होती, म्हणाली, “माझ्याच लुगड्याने माझा वारा बंद केलात होय!” आणि हसली. अण्णा हसले नाहीत. मी गिरणीत निघून गेलो.

पॅड निघाल्यावर दोष कशात होता ते उघड झाले. काचेची खालची कड लोखंडी चॅनलमध्ये बसवलेली असते, आणि मशीनचा हात ते चॅनल उचलतो. समुद्राच्या हवेने ते चॅनल गंजून काचेपासून सुटले होते. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात ती चिखलाने आणि आपल्याच गिरणीच्या कोंड्याने तुंबली होती. म्हणजे त्या रात्री मी हँडल फिरवले नसते तरी ती काच पुढच्या आठवड्यात कोणाच्या ना कोणाच्या हातून पडणारच होती, असे मिस्त्रीने सर्वांसमक्ष सांगितले. हा दाखला माझ्या बाजूचा होता. परंतु ज्याने आरोपच केला नाही त्याच्यापुढे तो रुजू तरी कसा करावा? काचांखाली सागाचे ठोकळे ठोकले गेले, दांड्यांच्या भोकांवर रेक्झिनच्या गोल टिकल्या चिकटल्या, आणि गणपतीला तुझे बाबा घरी आले तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशीच विचारले, “नाना, मागे हँडले नाहीत?” मी म्हणालो, “कंपनीनेच दिलेली नाहीत.” चाळीस वर्षांहून अधिक काळ हे विधान बिनतक्रार चालले, ते तू तुरिनमध्ये मोडून काढलेस.

पुढे ती गाडी भंगारात गेली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत पुरी होऊन २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मी ती दोन हँडले काढून पुसून ठेवली. क्लिपा अण्णांच्या तपकिरीच्या डबीत आहेत. तुळशीतली क्लिप दिवाळीत माती बदलताना सापडली, गंजलेली, पण आहे. लुगड्याच्या पट्टीचे काय झाले ते ठाऊक नाही. बहुधा मिस्त्रीने तिला हात पुसले असतील.

आता एक तक्रार. तेथील मित्रांना तू आपले गाव ‘मुंबईजवळ’ म्हणून सांगतोस, असे तुझ्या आईकडून कळले. तळगडाच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसाने, ज्याच्या हाकेच्या अंतरावर कुड्याची लेणी खोदलेली आहेत त्याने, मुंबईचा आडोसा का घ्यावा? त्यांना नाही समजले तर नकाशा काढून दाखव. तेवढा वेळ त्यांच्यापाशी असेल. आणि निरोप देवनागरीत लिहीत जा. तुझ्या ‘kal’ या शब्दाने मला आईची कळ आठवली, आणि तू लिहीत होतास कालविषयी. जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्या आईने पाठवलेले मेतकूट संपले असल्यास कळव, तजवीज करता येईल.

एक हँडल आणि एक क्लिप तुझ्यासाठी वेगळी काढली आहे, तू येशील तेव्हा घेऊन जा. तोवर एवढे कर: ती गल्लीतली फियाट पुन्हा दिसली आणि मालक भेटला, तर त्याची अनुज्ञा घेऊन मागचे हँडल सावकाश फिरव, आणि काच खाली गेल्यावर उलटे फिरवून ती वर येते का पाहा. आली तर मला कळव.

तुझा,
नानाकाका