तुटलेल्याचं सुतक

पनागरला मटाराचा हंगाम ऐन भरात येतो, पोत्यांनी लादलेल्या गाड्या मंडीकडे निघतात, तेव्हा भिंतीवरच्या पाली दिसेनाशा होतात. तसबिरीमागे, मीटरच्या पेटीमागे जाऊन बसतात. दिवाळीपर्यंत दिव्याभोवतीचे किडे टिपून शेपटीत साठवलेली चरबी, एवढीच त्यांची थंडीची बेगमी.

आणि नेमकी तीच टाकून पळावं लागतं. ओसरीवर मांजरीने झडप घातली. पाल तुळईवर पोहोचलीसुद्धा. पंजाखाली राहिलं शेपूट. त्याच्या मणक्यांत तुटायच्या रेघा आधीपासूनच आखलेल्या असतात. स्नायू आवळतात, रेघेवर हाड निखळतं, रक्तवाहिन्या मिटतात. लादीवर रक्ताचा जेमतेम ठिपका. मग ते शेपूट उसळतं, वळतं, निपचित पडतं, मांजर मान वळवणार तोच पुन्हा उसळतं. डोळे नाहीत, मेंदू नाही. ज्याच्यासाठी हा आटापिटा, ते अंग केव्हाच निघून गेलेलं. थोड्या वेळाने मुंग्या येतात.

बघणाऱ्यांचं कुतूहल मात्र उगवणाऱ्याकडेच. पालीचं शेपूट पुन्हा येतं, हे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं. १७१२ मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरने नदीतल्या झिंग्यांच्या तुटलेल्या नांग्या परत येतात, ते तपासलं. धानाच्या बांधातला खेकडाही नांगी सोडून बिळात शिरतो आणि पुढे कात टाकताना नवी, आधी इवलीशी, घेऊन येतो. पण पालीला परत मिळतं ते शेपूट तेच नसतं. आत मणके नाहीत, कुर्चेची नळी. वरचे खवले निराळे, रंग निराळा. तुटायची ती रेघही तिथे पुन्हा उमटत नाही. पुढच्या खेपेला अंगाच्या आणखी जवळचं काही द्यावं लागतं.

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर आग्या मोहोळं लटकतात. तिथे हाच व्यवहार उलटा होतो. माशीचा काटेरी डंख कातडीत रुततो. ती उडते तेव्हा डंख, विषाची पिशवी, पोटातला काही भाग मागेच राहतो. तुटलेला डंख आपला आपण विष ढकलत राहतो. इथे तुटलेलं लढत असतं आणि उडालेलं मरतं. पोळं तेवढं वाचतं. पोळ्याच्या लेखी अख्खी माशीच शेपूट.

म्हणजे कोण अंग आणि कोण शेपूट, हे जगलेलाच मागाहून ठरवतो. गोष्टही तोच सांगतो, आणि त्या गोष्टीत शेपूट ‘टाकलेलं’ असतं. लढलेलं कधीच नसतं. वाचलेल्याचं कौतुक करायला जग आहेच. सुतक पाळायचं तर ते तुटलेल्याचं पाळावं.