शेजारच्या सीटवरचा माणूस

लोणार तालुक्यातलं आमचं सुलतानपूर मेहकर-जालना रस्त्यावरचं गाव. इथून जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत बसलेला प्रवासी चालकाचं तोंडही न पाहता बिनघोर झोपतो. विमानात तर तोंड पाहायचीही सोय नाही. कॉकपिटचं दार बंद असतं. अशा वेळी आपला जीव गाडी चालवणाऱ्याइतकाच त्याच्या शेजारी बसलेल्याच्या हाती असतो.

१३ जानेवारी १९७७. अलास्कातल्या अँकरेजहून जपान एअरलाइन्सचं मालवाहू विमान टोकियोला निघणार होतं. पोटात ५६ जिवंत गुरं. कॅप्टनला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याला तो प्यायलेला वाटला. त्याने आपल्या ऑफिसला कळवलं, ऑफिसने विमानाची देखभाल करणाऱ्या कंपनीला फोन केला. तरीही विमान सुटलं आणि लगेच कोसळलं. विमानातली पाचही माणसं गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताच्या कारणांत एक गोष्ट मुद्दाम नोंदवली: कॉकपिटमधल्या बाकी दोघांनी कॅप्टनला अडवलं नाही. परका टॅक्सीवाला जे बोलला, ते सहकाऱ्यांच्या तोंडून निघालं नाही.

मला ते दोघे परके वाटत नाहीत. साहेबाला कसं बोलायचं, त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा, हा संकोच आपल्याकडेही घरोघरी आहे. नियम मात्र आहेत: भारतात वैमानिकांना उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य आहे. श्वासचाचणीत दारू आढळली तर पहिल्यांदा ३ महिने, दुसऱ्यांदा ३ वर्षं परवाना निलंबित, तिसऱ्यांदा रद्द. नियम कडक आहे, आणि तो असाच हवा. पण यंत्राला कळतं ते त्या सकाळपुरतं. महिनोन् महिने थरथरणारा हात, उगाच चिडणं, मुक्कामाच्या हॉटेलात खोलीबाहेर न येणं, हे दिसतं फक्त सोबत्याला.

तो गप्प राहतो, कारण बोललं की मित्राची नोकरी जाईल ही भीती. म्हणून परतीची वाट उघडी हवी. १९९० मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे कॅप्टन लाइल प्राउज दारू पिऊन विमान चालवल्याबद्दल तुरुंगात गेले. त्यांनी दारू सोडली, परवाने नव्याने मिळवले आणि त्याच कंपनीतून बोइंग ७४७ चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. व्यसन हा आजार आहे आणि तो आटोक्यात येतो, हे पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून महाराष्ट्राला दाखवत आलं आहे.

आमच्या भागात मी एका काळीपिवळीवाल्याला पाहिलं. जोडीदार चालक झिंगलेला दिसताच त्याने गाडीची चावी काढून खिशात घातली, प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि जोडीदाराला म्हणाला, ‘‘आज शिव्या दे बाप्पा, पण गाडी नाही भेटणार.’’ दुसऱ्या दिवशी तोच त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

यातलं एकच करून भागत नाही. नुसती चावी काढून घेतली तर माणूस एकटा पडतो. नुसती माया केली तर प्रवासी मरतात. आपल्या सोबत्याची काळजी असेल, तर त्याला आज अडवा आणि उद्या त्याच्यासोबत जा.