ताईचे पाचशे, धाकट्याचे दोन हजार

"आई, त्याचे दोन हजार आणि माझे पाचशेच? असं का?"

२०२१ च्या मार्चमधली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि रविवारी मी इथल्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. त्या रात्री टेबलावर आदल्या वर्षीच्या कराचे कागद पसरले होते. तेरा वर्षांच्या लेकीने त्यातले दोन आकडे पाहिले आणि तिचा चेहराच पडला. मी घाईत म्हणाले, "अगं, नियम आहे तसा!" वर्गात कोणी असं उत्तर दिलं तर मी त्याला परत उभं करते. स्वतः मात्र तेच केलं. म्हणून हा धडा उशिरा का होईना, नीट मांडते आहे.

आधी शब्द समजून घेऊ. आपल्याकडे जुन्या कर पद्धतीत मुलांच्या शाळेची ट्यूशन फी उत्पन्नातून वजा होते. अमेरिकेतलं 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' उत्पन्नातून नाही, थेट करातून वजा होतं. म्हणजे ५,००० डॉलर कर असेल आणि क्रेडिट २,००० असेल, तर भरायचे ३,०००. साधी वजाबाकी. गंमत अशी की वजा होणारा आकडा दर वर्षी तोच राहत नाही. आमच्याच घराचा हिशोब बघा.

२०२० साली धाकट्याचे २,००० आणि ताईचे ५००, एकूण २,५००. धाकटा इथे जन्मला, त्यामुळे त्याला सोशल सिक्युरिटी नंबर होता. ताई पुण्यात जन्मली आणि आमच्याबरोबर व्हिसावर आली. तिच्याकडे फक्त करासाठीचा नंबर, म्हणजे आयटिन. २०१८ पासून पूर्ण क्रेडिटसाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. तो नसेल तर 'इतर अवलंबित' म्हणून जास्तीत जास्त ५००.

२०२१ साली करोनामुळे कायदा एका वर्षापुरता बदलला. सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि सहा ते सतरा वयाच्या मुलाला ३,०००. धाकटा चार वर्षांचा. त्याचे ३,६०० आणि ताईचे ५००, एकूण ४,१००. यातले ३०० डॉलर जुलै ते डिसेंबर दर महिन्याला आगाऊच खात्यात आले. सहा महिन्यांचे १,८०० आम्ही घरखर्चात कधी वापरले ते कळलंही नाही. रिटर्न भरताना त्याचे १,८०० च उरले, तेव्हा "कमी कसे?" म्हणून मीच गोंधळले.

२०२२ साली रक्कम परत २,००० वर आली. आमचे पुन्हा २,५००.

२०२३ च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्ड आलं, पाठोपाठ ताईचा सोशल सिक्युरिटी नंबर. दोघांचे मिळून ४,०००. त्या दिवशी ताई म्हणाली, "आता बरोबरी झाली!" इतक्या वर्षांत ती ते विसरली नव्हती.

आणि २०२४? आम्ही ४,००० च धरून बसलो होतो. परताव्यातून ताईला कॉलेजं दाखवायला न्यायचं ठरवलं होतं. हातात आले १,५०० कमी. कारण वर्षाच्या शेवटच्या दिवशी मूल सतरा वर्षांखालचं हवं. ताईने नोव्हेंबरमध्ये सतरा पूर्ण केली. वर्षातले दहा महिने ती सोळाचीच होती, पण कायदा फक्त ३१ डिसेंबर बघतो. पुन्हा २,५००.

२०२५ सालासाठी नव्या कायद्याने रक्कम २,२०० केली. म्हणून आमचे २,७००.

उत्पन्न हे आणखी एक कारण. पती-पत्नींनी एकत्र रिटर्न भरलं आणि उत्पन्न ४ लाख डॉलरच्या वर गेलं (एकट्याचं २ लाखांच्या वर), की वरच्या प्रत्येक हजारामागे ५० डॉलर कापले जातात. त्या उंचीवर आम्ही नाही!

पालकांनो, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा यंदा गृहीत धरू नका. चार प्रश्न विचारा. ३१ डिसेंबरला मुलाचं वय किती? नंबर कोणता? कायदा बदलला का? उत्पन्न किती? आणि आगाऊ काही मिळालं असेल तर ते आधी वजा करा.

शिक्षकांनो, मोठ्या मुलांना वरचे सहा आकडे फळ्यावर द्या आणि प्रत्येक बदलाचं कारण शोधायला सांगा. मी हे वर्गात केलं तेव्हा ताई मागच्या बाकावर मदतनीस म्हणून बसली होती. एका मुलाने विचारलं, "म्हणजे मोठं झालं की किंमत कमी होते?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नाही रे. तो कराचा आकडा आहे, आपला नाही."

चार वर्षांपूर्वी हेच उत्तर मी तिला द्यायला हवं होतं.